आपला ग्राहक नेमका कोण? बडोद्यात नवा व्यवसाय सुरू करणाऱ्यांसाठी

बडोद्यात नव्यानं व्यवसाय सुरू करणाऱ्या मराठी माणसाला ‘तुमचा ग्राहक कोण?’ असं विचारा. निम्मे म्हणतात, ‘सगळेच.’ उरलेले म्हणतात, ‘आपली मराठी मंडळी.’ ‘सगळेच’ या उत्तरातली पोकळी जाहिरातीचं पहिलं बिल आलं की कळते. दुसरं उत्तर जास्त फसवं. सुरुवातीची चार-पाच कामं खरोखरच मराठी ओळखीतून मिळतात आणि आपल्याला वाटतं, झालं, ग्राहक सापडला.

पण मराठी मंडळी म्हणजे कोणती? दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुऱ्यातली गायकवाडी काळापासूनची घरं एक. साठीच्या दशकापासून कोयलीची रिफायनरी, जीएसएफसीचा खत कारखाना, पुढे आयपीसीएलचा पेट्रोकेमिकल कारखाना उभे राहिले, तिथं नोकरीला आलेली कुटुंबं दुसरी. आणि गेल्या काही वर्षांत पुण्या-नाशकाकडून बदली होऊन आलेली, भायली किंवा गोत्रीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहणारी जोडपी तिसरी. गणपती तिघांच्याही घरी बसतो. पण पहिल्या घरातली नातवंडं मराठी बोलतात अस्खलित आणि वाचतात मात्र गुजराती. तिसऱ्या घरात सगळं मोबाइलवरून मागवायची सवय. दुसऱ्या घरातली मुलं परदेशी आणि आईवडील बंगल्यात एकटे. या तिघांना एकच पत्रक वाटून काय साधणार?

भाषा, वय, पगार, पिनकोड या खुणा कामाच्या आहेत, पण नंतर. आधी बघायची ती अडचण. कोणत्या अडचणीसाठी माणूस तुमच्याकडे येतो, ती कधी उभी राहते आणि त्या वेळी घरात निर्णय कोण घेतं, यावर ग्राहक ठरतो. बाजाराचे गट पाडायची कल्पना 1956 साली वेंडेल स्मिथ या अमेरिकन अभ्यासकानं एका लेखात मांडली, तेव्हा त्याचा रोखही इथंच होता: माणसांच्या गरजा वेगवेगळ्या असतात म्हणून गट पडतात. आपण उलट करतो. आधी गट ठरवतो आणि मग त्याच्या माथी गरज मारतो.

नुसतं तत्त्व सांगून उपयोग नाही म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. समजा, तुम्ही फिजिओथेरपिस्ट आहात. दवाखाना टाकायला भांडवल नाही, म्हणून स्कूटरवर घरोघरी जाऊन उपचार देता. तुमचं काम वेगळं असेल, फराळाचं, शिकवणीचं, हिशेब लिहिण्याचं, तरी पायऱ्या याच.

पहिली पायरी: वही उघडा

आतापर्यंत ज्यांनी काम दिलं त्या प्रत्येकाचं नाव एका कागदावर लिहा. दहाच असतील तर दहा. प्रत्येकापुढे इतकं भरा: कुणाकडून कळलं, फोन कुणी केला, फोन केला त्या आठवड्यात घरात काय घडलं होतं, पैसे कुणी दिले, किती दिवसांनी दिले, पुन्हा बोलावलं का, दुसऱ्या कुणाला पाठवलं का. शेवटच्या रकान्यात प्रामाणिकपणे लिहा की हे काम करताना तुम्हाला बरं वाटलं की कधी संपतंय असं झालं.

पैशांचा रकाना असतोच सगळ्यांच्या वहीत. घरात काय घडलं होतं, हा रकाना कुणाच्याच वहीत नसतो आणि सगळं त्यातच असतं. ‘गुडघेदुखी’ असं लिहू नका. ‘गुडघ्याची शस्त्रक्रिया, घरी सोडून चार दिवस झाले, दुसरा मजला, लिफ्ट नाही’ असं लिहा. ‘पाठदुखी’ नको, ‘मकरपुऱ्याच्या कारखान्यात उभ्यानं काम, रजा संपत आली’ असं हवं.

मग त्या यादीतले तीन-चार जण निवडा, ज्यांच्यासारखे अजून दहा मिळाले तर तुमची चिंता मिटेल. सगळ्यात जास्त पैसे देणारा त्यात असेलच असं नाही. जास्त पैसे देऊन रोज वेळ बदलणारा, दर भेटीला घासाघीस करणारा माणूस वहीत मोठा दिसतो आणि महिनाअखेर परवडत नाही. शेवटचं काम कधी दिलं, किती वेळा दिलं आणि एकूण किती रुपयांचं दिलं, या तीन गोष्टी शेजारी शेजारी लिहिल्या की मोठी दुकानं ज्या पद्धतीनं ग्राहक पारखतात तीच पद्धत तुमच्या कागदावर आली. चौथी मी माझी म्हणून जोडतो: त्यानं पुढे किती जणांना तुमचं नाव सांगितलं.

अजून एकही ग्राहक नसेल तर? तर ज्यांना ती अडचण सध्या आहे आणि जे दुसऱ्या कुणाकडून तरी ती भागवतायत, अशांची यादी करा. शेजारी, मावशी, सोसायटीचे सेक्रेटरी. ज्यांना अडचणच नाही त्यांना यादीत घुसवू नका, नात्यातले असले तरी.

दुसरी पायरी: घेणारा, देणारा आणि शब्द टाकणारा

नवखे सगळ्यात जास्त इथं चुकतात, म्हणून इथं जरा थांबू.

कारेलीबागेतल्या एका बंगल्याचं चित्र बघा. आजी चौऱ्याहत्तर वर्षांच्या, नुकतीच गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. उपचार घेणार त्या. पैसे पाठवणार मुलगा, तो न्यू जर्सीत. रोज दार उघडणार, वेळ सांभाळणार ती दोन गल्ल्या पलीकडे राहणारी मुलगी किंवा पुतणी. आणि ‘अमक्यांना बोलवा’ असा शब्द टाकणार हाडांचे डॉक्टर, नाहीतर वर्षभरापूर्वी याच दुखण्यातून गेलेल्या शेजारच्या बेन. यातला ‘ग्राहक’ कोणता?

चौघंही. प्रत्येकाची काळजी मात्र वेगळी. आजींना भीती दुखण्याची, आणि परका माणूस घरात येऊन पाय ओढणार याची. त्यांना हवी असते सबुरी आणि दोन शब्द मराठीत. मुलाला दुखण्याचं फारसं कळत नाही. त्याला दिसत नाही, हीच त्याची अडचण: कुणी येतंय का, खरंच चाळीस मिनिटं देतंय का, आई सुधारतेय का. पुतणीला तिचं ऑफिस आहे, तिला तुम्ही वेळेवर यायला हवे आहात, एवढंच. डॉक्टरांना हवं असतं की पेशंट पुढच्या तपासणीला येईल तेव्हा गुडघा वाकलेला असावा आणि मधे काय केलं ते कुणीतरी दोन ओळींत लिहिलेलं असावं.

आता बहुतेकांचं पत्रक आठवा. ‘अनुभवी, माफक दरात, घरपोच फिजिओथेरपी.’ चौघांपैकी एकाच्याही प्रश्नाचं उत्तर त्यात नाही.

या चौघांत खर्च कुणावर करायचा? माझं मत स्पष्ट आहे: घरी जाऊन देण्याच्या सेवेत आधी मुलाची खात्री पटवा, कारण काम सुरू ठेवायचं की थांबवायचं हे तो ठरवतो. रोजच्या भेटीनंतर तीन ओळींचा निरोप: आज गुडघा किती वाकला, किती पावलं चालल्या, उद्या काय. घरच्यांची परवानगी असेल तर वीस सेकंदांचा व्हिडिओ. बडोद्यात सकाळचे आठ वाजतात तेव्हा न्यू जर्सीत आदल्या दिवसाची रात्र असते, तो जेवून फोन घेऊन बसलेला असतो. कालच्या भेटीचा निरोप त्या वेळी पोचला पाहिजे. इतकं केलंत तर तिकडच्या त्याच्या बडोदेकर मित्रांत तुमचं नाव फिरतं, आणि त्यांचेही आईवडील इथंच, समा नाहीतर सुभानपुऱ्यात असतात.

डॉक्टरांच्या बाबतीत एक गोष्ट ठाम लक्षात ठेवा. पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन द्यायचा विचारही करू नका. डॉक्टरांनी असं कमिशन देणं-घेणं वैद्यकीय परिषदेच्या 2002च्या आचारसंहितेनं मना केलेलं आहे, आणि चांगला डॉक्टर अशा माणसाला दुसऱ्यांदा दारात उभा करत नाही. त्याऐवजी पेशंटच्या हातून तपासणीच्या दिवशी एक पानाचा अहवाल पाठवा. खाली तुमचं नाव आणि नंबर असतोच.

हीच विभागणी इतर धंद्यांत लावून बघा. शिकवणीत शिकतो मुलगा, फी देतात वडील, क्लास ठरवते आई, आणि तिला सांगितलेलं असतं शाळेच्या गेटपाशी दुसऱ्या आईनं. दिवाळीच्या फराळात खाणारे, विकत घेणारे आणि ऑफिसात डबा उघडून चव देणारे वेगळे. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या (जीआयडीसी) छोट्या कारखान्याचे हिशेब लिहिणार असाल तर सही मालकाची, पण तुमचं जमणार की नाही हे तिथल्या जुन्या अकाउंटंट काकांच्या हातात.

तिसरी पायरी: विचारा, पण झालेल्या गोष्टींबद्दल

निवडलेल्या चार-पाच जणांशी अर्धा तास बोला. ‘मी असं काही सुरू केलं तर तुम्ही घ्याल का?’ हा प्रश्न मात्र वर्ज्य. आपल्या शहरात तोंडावर ‘नाही’ म्हणायची पद्धत नाही. ‘चोक्कस! चोक्कस घेऊ!’ असं उत्तर मिळेल, वर चहा मिळेल, आणि ऑर्डर मिळणार नाही.

घडून गेलेलं विचारा. मागच्या वेळी ही अडचण आली तेव्हा पहिला फोन कुणाला केला? अजून कुणाकुणाला विचारलं? कुणाला नको म्हणालात, आणि का? घरात कोण तयार नव्हतं? पैसे देताना मनात काय आलं? हे सांगताना माणूस शोभेसाठी बोलत नाही, आठवून बोलतो.

आणि शब्द जसेच्या तसे उतरवून घ्या. समजा, पुतणी म्हणाली, ‘‘अहो, आधीचे यायचे, पण कधी अकराला, कधी दीडला. मी हाफ डे टाकून बसायची. काकू तर रोज साडी बदलून तयार, आणि हे येतच नाहीत.’’ तुमच्या डायरीत हे ‘वक्तशीरपणा महत्त्वाचा’ असं उतरलं तर सगळं मातीमोल. ‘काकू साडी बदलून तयार असतात’ हे वाक्य आहे तसं ठेवा. पुढे जाहिरात लिहायची वेळ येईल तेव्हा ‘सांगितलेल्या वेळेच्या दहा मिनिटं इकडे-तिकडे. उशीर होणार असेल तर आधी फोन’ ही ओळ याच वाक्यातून निघेल, आणि वाचणारी म्हणेल, हिला आमच्या घरातलं कसं कळलं?

बोलणं ज्या भाषेत चालेल त्या भाषेत चालू द्या. बडोद्यात मराठी घरातसुद्धा पैशांचा विषय निघाला की वाक्य गुजरातीवर जातं. जाऊ द्या.

एक काळजी घ्या: कुणाचं नाव, फोटो, दुखण्याचा तपशील पुढे कुठे वापरणार असाल तर आधी लेखी होकार घ्या, व्हॉट्सअॅपवर का होईना. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 साली झाला आहे. पण कायदा नसता तरी कुणाच्या आजारपणाची जाहिरात त्याला न विचारता करायची नसते.

चौथी पायरी: अडचणीचं पंचांग

तुमचा ग्राहक बाराही महिने ग्राहक नसतो. अडचण कधी उभी राहते त्याचं पंचांग बनवा, आणि बडोद्याचं बनवा, पुण्याचं नको.

इथं नवरात्राच्या नऊ रात्री शहर गरब्यात असतं, संध्याकाळी सातनंतर कुणी तुमचं ऐकायला रिकामं नाही. पण मुरगळलेले घोटे आणि बोलायला लागलेले गुडघे दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्याकडेच यायचे. दिवाळीनंतर बेसतं वरस, म्हणजे गुजराती नववर्षापासून लाभपाचमीपर्यंत बाजार थंड, त्या दिवसांत जाहिरातीवर पैसे घालू नका. 14 जानेवारीला उत्तरायण, त्या दिवशी शहर गच्चीवर. डिसेंबर-जानेवारीत परदेशातली मुलं घरी येतात आणि वर्षभर फोनवर ‘मी मजेत आहे’ म्हणणारी आई उठताना खुर्चीला धरते हे त्यांना पहिल्यांदा डोळ्यांनी दिसतं. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टसाठी वर्षातले सगळ्यात महत्त्वाचे आठवडे हेच. तुमचं नाव त्याआधी, नोव्हेंबरअखेर, डॉक्टरांच्या आणि शेजारणीच्या तोंडी बसलेलं हवं.

हिशेबवाल्यांचं पंचांग तर सरकारच छापून देतं. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांना जीएसटीचं विक्रीचं विवरणपत्र, जीएसटीआर-1, महिन्याच्या 11 तारखेपर्यंत आणि गोषवाऱ्याचं व कर भरण्याचं, जीएसटीआर-3बी, 20 तारखेपर्यंत भरायचं असतं. 18 तारखेला कारखानदाराला गाठून ‘आमच्या सेवेची माहिती देतो’ म्हणालात तर तो हात जोडेल. 22 तारखेला जा. नुकताच त्रास होऊन गेलेला असतो, आठवण ताजी असते आणि वेळही असतो.

पाचवी पायरी: कोण नको ते लिहा

ही पायरी छोटी आहे आणि सगळे टाळतात. तुमच्या स्कूटरच्या टप्प्यात नसलेले, एका भेटीत बरं करून मागणारे, तुमच्या शिक्षणाबाहेरचं दुखणं असलेले, ‘आपल्याच समाजातले आहोत, काय लावून धरता’ म्हणणारे. यांना नम्रपणे दुसरं नाव सुचवा. ओळखीतल्या कामाला दर वेगळा ठेवायचा असेल तर ठेवा, पण तो सवलतीचा दर म्हणून बिलात दिसू द्या.

सहावी पायरी: एका परिच्छेदात चित्र

आता जमलेल्या कागदांवरून एकाच माणसाचं वर्णन लिहा. ‘वय 35 ते 55, मध्यम व उच्च मध्यमवर्ग, शहरी’ असलं नको, त्यात निम्मं बडोदं बसतं. असं लिहा:

‘पन्नाशीतला मुलगा, परदेशात नाहीतर बंगळुरूला. आईवडील कारेलीबाग, समा किंवा सुभानपुऱ्यात, स्वतःच्या घरात. आईची शस्त्रक्रिया गेल्या पंधरवड्यात झाली. तो परत जायला निघालाय, विमान रविवारचं. जाण्याआधी भरवशाचं माणूस ठरवून जायचंय. दर जास्त असला तरी चालेल, पण रोज कळलं पाहिजे. घरात मराठी किंवा गुजराती, त्याच्याशी व्यवहार इंग्रजीत. नाव डॉक्टरांकडून कळलंय, तरी गूगलवर बघून खात्री करणार. त्याला भीती एकच: मी गेलो की हे यायचे बंद होतील.’

या परिच्छेदात ‘मराठी’ हा शब्द आला, पण एकदाच आणि गुजरातीच्या शेजारी. आजींशी मराठीत बोलता येणं ही तुमची जमेची बाजू आहेच. पण वरच्या वर्णनात बसणारं पटेलांचं किंवा शाहांचं घर तुमचं गिऱ्हाईक आहे, आणि त्यात न बसणारं सख्ख्या मावसभावाचं घर नाही. हे पचायला थोडा वेळ लागतो.

दोन वेगळे ग्राहक दिसत असतील, म्हणजे हा मुलगा आणि कारखान्यात उभ्यानं काम करणारा तरुण, तर दोन परिच्छेद लिहा. तिसरा लिहू नका. पहिल्या वर्षी तेवढ्यांना पुरे पडलात तरी भरपूर झालं.

सातवी पायरी: आता जाहिरात

इथं आल्यावर बरेचसे प्रश्न आपोआप सुटलेले असतात. रिक्षाच्या मागे फलक लावायचा का? नाही, मुलगा रिक्षामागे नाहीये. स्थानिक वर्तमानपत्रात पत्रकं घालायची का? आजी वाचतील, ठरवणार नाहीत. मग काय करायचं?

गूगलवर व्यवसायाची मोफत नोंद करा. मुलगा खात्री करायला तिथंच येणार आहे. नाव, भाग, वेळ, फोन आणि खरी मतं. ज्यांचं काम संपलं त्यांना त्याच दिवशी मत लिहायची विनंती करा, महिन्यानं कुणी लिहीत नाही. कोणते शब्द टाइप केल्यावर लोकांना तुमची नोंद दिसली हे त्याच नोंदीच्या आकडेवारीत कळतं. ते शब्द दर महिन्याला वाचा आणि तिसऱ्या पायरीत उतरवलेल्या शब्दांशी ताडून बघा.

व्हॉट्सअॅप बिझनेस घ्या. तिथल्या लेबलांनी मुलगा, घरचं माणूस, डॉक्टर असे गट वेगळे ठेवा म्हणजे एकाचा निरोप दुसऱ्याला जाणार नाही. ब्रॉडकास्टच्या, म्हणजे एकच निरोप अनेकांना एकदम पाठवायच्या, एका यादीत 256 जण मावतात, पण तुमचा नंबर ज्यांनी फोनमध्ये जतन केलाय त्यांनाच तो निरोप पोचतो. म्हणून पहिल्याच भेटीत नंबर जतन करून घ्या. आणि रोज सकाळी फुलांच्या चित्रावर सुप्रभात पाठवणार असाल तर हा परिच्छेद वाचला नाही असं समजा.

भाषेचं असं करा: मुलासाठी दर, भेटींची संख्या आणि पैसे भरायची पद्धत एका पानावर इंग्रजीत. आजींच्या हातात देण्याचा व्यायामाचा कागद मोठ्या अक्षरांत, त्यांना वाचायला सोपी त्या भाषेत, मराठी की गुजराती हे विचारून. डॉक्टरांना अहवाल त्यांच्या परिभाषेत.

दरही याच चित्रावरून ठरतो. मुलाला एकेका भेटीचा दर नको असतो, त्याला निघण्याआधी सगळं बांधून जायचं असतं. म्हणून ‘बारा भेटी, चार आठवडे, प्रत्येक भेटीनंतर निरोप, मधे एक व्हिडिओ कॉल’ असा एकरकमी आकडा सांगा. शिल्लक भेटींचे पैसे परत मिळतील हे लेखी द्या. त्याची भीती आठवतेय ना? हे त्या भीतीवरचं उत्तर.

आठवी पायरी: एक प्रश्न, प्रत्येक फोनला

सहा-आठ आठवडे हे थोड्या पैशांत चालवून बघा. नवा फोन आला की दुखण्याची चौकशी झाल्यावर एवढंच विचारा: ‘‘माझं नाव कुठून कळलं, आणि आजच फोन करावासा का वाटला?’’ उत्तर त्याच वहीत, त्याच रकान्यात. तीन महिन्यांनी वही आणि सहाव्या पायरीतला परिच्छेद शेजारी ठेवा. फोन करणारे वर्णनातल्या माणसासारखे आहेत का? मुलांऐवजी मुलीच जास्त फोन करत असतील तर ‘मुलगा’ खोडून ‘मुलगी’ लिहा आणि तिच्या काळज्या नव्यानं विचारून घ्या, त्या वेगळ्या असतील. डॉक्टरांऐवजी शेजारच्या बेनकडून नावं येत असतील तर पुढच्या तीन महिन्यांत वेळ तिकडे द्या: सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी ज्येष्ठांसाठी खुर्चीवरच्या व्यायामाचा तासभर कार्यक्रम, फुकट. चहाचं सोसायटी बघते.